रेवस ते रेडी: सायकल सफरीचे समज आणि गैरसमज

समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता सपाट असणार, असं गृहीत धरून बरेच जण रेवस ते रेडी या सागरी मार्गावर सायकल काढतात. नकाशा पाहून तसं वाटणं साहजिकच आहे. प्रत्यक्षात कोकणचा किनारा खाड्यांनी जागोजागी चिरलेला आहे आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे पठार, उभा आहे. दापोली समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटर उंच. तिथून दाभोळला खाडीच्या पाण्यापर्यंत उतरायचं, फेरीबोटीने धोपाव्याला जायचं आणि बोटीतून पाय काढताच गुहागरच्या दिशेने पुन्हा चढायला लागायचं. वेसवी-बागमांडला असो की तवसाळ-जयगड, क्रम हाच. एकेक चढ छोटा असतो, पण संध्याकाळपर्यंत त्यांची बेरीज एखादा मोठा घाट चढल्याइतकी होते. शिवाय घाटात एकदा लय सापडली की टिकते. इथे ती दर अर्ध्या तासाला मोडते.

त्यामुळे ‘रोज शंभर किलोमीटर’ हे घरी बसून केलेलं गणित पहिल्याच दिवशी चुकतं. दिवसाचं माप किलोमीटरमध्ये मोजणं हाच लांबच्या सफरीतला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. चढ किती, वारा कुठून, फेरीबोट किती वाजता आणि रात्रीचा मुक्काम कुठे, यावर दिवस ठरतो.

दुसरा समज वेगाचा. लांब जायला मुळातच जोरात चालवता आलं पाहिजे, असं मानून अनेक जण या वाटेला जातच नाहीत. ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनियर्सच्या ब्रेव्हेंमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांमध्ये, २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात आणि ६०० किलोमीटरसाठी ४० तास. म्हणजे खाणं, थांबणं, पंक्चर सगळं धरून ताशी सरासरी पंधरा किलोमीटर पुरे. खरं कौशल्य आहे ते थांबण्याचा वेळ आवरण्यात. चढावर जड गिअर रेटणारा सायकलस्वार दुपारपर्यंत गुडघे धरून बसतो. हलका गिअर ठेवून पाय भराभर फिरवणारा संध्याकाळीही ताजा असतो.

महागडी सायकल हवीच, हेही खरं नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी तो पूर्ण केला आणि १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. सुमारे ७१,००० किलोमीटरचा तो प्रवास आजच्या सायकलींच्या मानाने कितीतरी जड आणि साध्या सायकलींवर झाला. सायकल किमतीपेक्षा मापाने बरोबर असावी लागते. सीट बुटकी असेल तर गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागतं. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ होत असेल, तर उंची साधारण बरोबर समजावी. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो.

सीटबद्दलचा गैरसमज मात्र सफरी अर्ध्यावर सोडायला लावतो, म्हणून त्यावर थोडं अधिक. मऊ आणि रुंद सीट दुकानात बसून पाहताना सुखाची वाटते. पण सायकलवर शरीराचं बरंचसं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. फार मऊ गादीत ही हाडं रुततात, गादीचा मधला भाग वर येऊन शरीराला दाबतो आणि मुंग्या येतात. रुंद सीटवर मांड्या घासतात. हाडांच्या रुंदीला जुळणारी, थोडी कडक सीट पहिले काही दिवस बोचते, पण लांब पल्ल्यात तीच साथ देते. पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट आत अंतर्वस्त्र न घालता वापरायची असते. अंतर्वस्त्राच्या शिवणी घासल्या की कातडी सोलवटते, घामातून जंतू आत शिरतात आणि गळू होतं. तसं झालं की बसणंच अशक्य. म्हणून शॉर्ट रोज धुवायची. कोकणच्या दमट हवेत ती रात्रीत वाळेलच असं नाही, तेव्हा दोन हव्यातच.

चढाची भीती सगळ्यांना असते, वाऱ्याची फारशी कोणाला नसते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरने जाताना समोरून तितक्याच वेगाचा वारा आला, तर हा विरोध चौपट होतो. चढाला माथा असतो आणि त्यानंतर उतार मिळतो, वाऱ्याचं तसं नाही. किनाऱ्यावर जमीन तापली की खारे वारे सुटतात आणि दुपारी जोर धरतात. पावसाळा सरल्यावर ते बहुधा वायव्येकडून येतात, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला त्यांची मदत होते. उलट दिशेने जाणाऱ्याने मात्र मोठं अंतर उजाडल्यापासून दहा-अकरापर्यंत कापून घ्यावं.

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. घामाबरोबर मीठही जातं, आणि नुसतं पाणी प्रमाणाबाहेर प्यायल्याने रक्तातलं सोडियम घटून मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं दिसतात. क्वचित हे जिवावरही बेततं. मीठ घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत हा सोपा उपाय, आणि तो वाटेवर सहज मिळतो. खाण्याचंही तसंच. शरीरातला साखरेचा साठा काही तासांच्या मेहनतीत संपतो. भूक लागल्यावर खाणाऱ्याला उशीर झालेला असतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एखाद-दोन केळी किंवा तेवढी चिक्की, सुरुवातीपासून पोटात जायला हवीत.

पंक्चर काढता येणं पुरेसं नाही. टायरमधला काटा किंवा तार बोट फिरवून शोधली नाही, तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. गावातल्या दुकानात बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसणारा पंप नसतो आणि सातशे मापाची ट्यूबही मिळेलच असं नाही. दोन ट्यूब, पंप आणि पाने जवळ हवेत. हे ओझं पाठीवर न घेता कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्यांत, खालच्या बाजूला ठेवावं.

आणि धाडसाचं काय? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटलं गेलं, कॅनडात अस्वल मागे लागलं. धोके खोटे नाहीत, पण व्हिसाच्या कागदपत्रांनीही तिच्या वेळापत्रकाला छळलंच. अशा सफरीत थकलेल्या अंगाने रोज संध्याकाळी कपडे धुणं, साखळी पुसून तेल देणं, ब्रेक तपासणं, दिवे आणि फोन चार्जिंगला लावणं, उद्याची बोट विचारून ठेवणं ही कामं चुकवून चालत नाही. बहुतेक सफरी या कामांच्या आळसाने बिघडतात.

ज्यांना किनाऱ्याने जायचं आहे, त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि निघण्याच्या महिनाभर आधी पूर्ण सामान लादून दोन दिवसांची फेरी जरूर करावी. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना काय होतं, ते नीट पाहावं. सीट, कपडे आणि ओझं बदलायला तेव्हा वेळ हातात असतो.