एका लिटरच्या पोटात

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात, तर तीन गडी नीट बघून या. ब्रिटिश सेंच्युरियन, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला अमेरिकी पॅटन आणि फ्रेंच एएमएक्स-१३. तिघेही मूळचे पेट्रोल पिणारे. आता समजा, तिघांच्या चालकांनी आपापल्या देशातल्या सवयीने हाक मारली, ‘दोनशे टाका!’ तर किती टाकायचं?

ब्रिटिश गडी दोनशे गॅलन म्हणेल, म्हणजे ९०९ लिटर. अमेरिकीसुद्धा दोनशे गॅलनच म्हणेल, पण त्याचे होतात ७५७ लिटर. फ्रेंचाचे मात्र साधे दोनशे लिटर. पहिले दोघे भाषा एकच बोलतात, शब्द एकच, आकडा एकच. तरी दोघांत दीडशे लिटरचा फरक!

हे झालं कसं? अमेरिकेचा गॅलन म्हणजे इंग्लंडात दारू मोजायला वापरायचे तो जुना गॅलन, २३१ घन इंचांचा. अमेरिका स्वतंत्र झाली आणि तो घेऊन बसली. इकडे इंग्लंडने १८२४ साली जुने गॅलन मोडीत काढून नवाच केला : दहा पौंड पाणी जेवढी जागा व्यापतं, तेवढा. पाण्याचं तापमानसुद्धा ठरलेलं, ६२ अंश फॅरनहाइट. आपल्या वाट्याला हा दुसरा आला, कारण आपले राज्यकर्ते तेच.

म्हणजे १९५०च्या आसपास नगरच्या माणसाला रोज काय काय सांभाळावं लागत असेल बघा. पेट्रोल गॅलनने. रॉकेलचा चौकोनी पत्र्याचा डबा चार गॅलनचा. ज्वारी-बाजरी पायलीने, आणि पायलीच्या खाली शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं अशी उतरती भावंडं. सोनं तोळ्याने. पैसे द्यायचे रुपये-आणे-पैमध्ये : सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. या हिशेबावर पोसलेल्या पिढीला आपण अर्धशिक्षित म्हणतो, ही आपलीच कमाल.

मग हे सगळं एका पिढीच्या डोळ्यांदेखत बदललं. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. वजनमापांचा कायदा संसदेने डिसेंबर १९५६मध्ये केला आणि १ ऑक्टोबर १९५८पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. एप्रिल १९६२मध्ये जुन्या मापांवर बंदी आली. मधल्या काळात मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं, ते वेगळंच. आणि हे करणारं सरकार कोणाचं? १९४२ ते १९४५ याच नगरच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या जवाहरलाल नेहरूंचं.

यात मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते क्रमाचं. आधी पैसा, मग माप. का, ते करून बघा. हिशेबाला सोपा म्हणून गॅलनला तीन रुपये असा भाव धरू. एक गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर. मग लिटरचा भाव जुन्या पैशांत किती? दहा आणे आणि सहा पूर्णांक सात दशांश पै. पैचे दशांश कोण मोजणार? तोच हिशेब नव्या पैशांत केला की उत्तर येतं ६५.९९, म्हणजे सरळ ६६ नवे पैसे. रुपयाचे शंभर भाग आधी झाले नसते, तर पंपावर लिटर आणणं म्हणजे भांडणाला आमंत्रणच होतं.

पण भाव बदलणं सोपं. यंत्र कसं बदलायचं?

पंपाच्या पोटात एक मीटर असतो. त्याचं काम एखाद्या न थकणाऱ्या दुकानदारासारखं आहे. छोटं मापटं काठोकाठ भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं. इथलं मापटं म्हणजे दट्ट्या मागेपुढे सरकतो ती नळी. पेट्रोल स्वतःच्या दाबाने दट्ट्या ढकलतं, दट्ट्यांमुळे दांडा फिरतो, आणि दांड्याच्या प्रत्येक फेरीला ठरलेलं पेट्रोल पुढे सरकतं. म्हणजे मोजण्याची ताकदसुद्धा पेट्रोलच पुरवतं! जुन्या पंपात या दांड्यापुढे दातेरी चक्रांची माळ असायची. एक माळ आकडे फिरवायची गॅलनचे, दुसरी रुपयांचे. विजेचा संगणक नाही, काही नाही. गुणाकार करायचे ते चक्रांचे दाते.

आता गॅलनचा लिटर करायचा, तर तबकडी पुसून नवी रंगवून भागत नाही. चक्रांचं प्रमाण बदलायला हवं. आणि चक्राला दाते पूर्णच असतात, अर्धा-पाव दाता नसतो. मग ४.५४६०९ असला वेडावाकडा आकडा पूर्ण दात्यांत बसवायचा कसा?

इथे आकड्यांनी आपल्यावर मेहेरबानी केली आहे. अकराने गुणून बघा. अकरा गॅलन म्हणजे ५०.००७ लिटर! एका चक्राला ११ दाते आणि दुसऱ्याला ५० ठेवले, तर पन्नास लिटरमागे चूक फक्त सात मिलीलिटरची, म्हणजे दीड चमचा. पंपाला कायद्याने जेवढी चूक माफ आहे, त्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी. लंडनमध्ये कुणीतरी दहा पौंड पाणी निवडलं, पॅरिसमध्ये कुणीतरी दहा सेंटिमीटरचा घन निवडला, दोघांनी एकमेकांना विचारलं नाही; आणि तरी ११ आणि ५० असे जुळून आले.

(ज्यांनी आपल्याला गॅलन दिला, त्या ब्रिटनने पंपांवर लिटरची सक्ती केली १९९५ साली. आपल्यानंतर तेहेतीस वर्षांनी. गाडीचं ॲव्हरेज ते अजून मैल आणि गॅलनमध्येच सांगतात.)

बरं, आपण घेतलेला लिटर तरी पक्का होता का? तीही एक गंमत. मुळात लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा घन. पण १९०१ साली व्याख्या बदलून ठरवलं, की एक किलो पाणी व्यापतं ती जागा म्हणजे लिटर. दोन्ही सारखंच असायला हवं होतं. नव्हतं. किलोचा मूळ ठोकळा घडवताना तो केसभर जड झाला होता, त्यामुळे लिटर दहा लाखांत २८ भागांनी फुगला. ही व्याख्या १९६४मध्ये रद्द झाली आणि लिटर पुन्हा घनावर आला. म्हणजे १९६२ साली नगरच्या पंपावर मिळणारा लिटर आजच्यापेक्षा किंचित मोठा होता! किती? बारा हजार लिटरच्या टँकरमागे एक तृतीयांश लिटर. कुणाच्याही लक्षात आलं नसणार, हे उघड आहे.

याहून कितीतरी मोठा खेळ उन्हाळा करतो. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. बारा हजार लिटरचा टँकर एका अंशाने तापला की आत बारा लिटर ‘वाढले’. वजन तेच, रेणू तेवढेच, फक्त ऐसपैस बसलेले. नगरला थंडीत पारा दहापर्यंत उतरतो आणि मे महिन्यात चाळीसला टेकतो. तीस अंशांचा फरक, म्हणजे शेकडा तीन. मग ‘पहाटे पेट्रोल भरा, जास्त मिळतं’ हे खरं का? फारसं नाही. टाकी जमिनीखाली असते आणि मातीला दिवस-रात्रीची एवढी खबर लागतच नाही. पण पेट्रोल असं फुगतं-आक्रसतं, म्हणूनच पंपावर घनता रोज मोजून १५ अंशांच्या हिशेबात लिहून ठेवतात. टँकरसोबत आलेल्या चलनावरच्या आकड्यापासून ती घनमीटरला तीन किलोहून जास्त हलली, तर काहीतरी गडबड आहे.

आणि आता इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतून निघणारं. पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळलं, तरी लिटर पुरा लिटरच भरतो; पण इथेनॉलच्या लिटरात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणजे मिश्रणाच्या लिटरात सहा-सात टक्क्यांची तूट. माप खरं आणि तरी गाडी कमी पळते. लिटर जागा मोजतो. पळण्याची ताकद मोजायचं त्याने कधी कबूलच केलं नव्हतं.

आपण तरी लिटर कुठे मागतो म्हणा! दुचाकीवाला म्हणतो, ‘दोनशेचं टाक.’ ज्या लिटरसाठी एवढा खटाटोप झाला, तो मशीन आपल्या आपण उलट्या हिशेबाने काढतं.

त्याची खात्री करायची असेल, तर पंपावर पाच लिटरचं माप मागा. मागितलं की त्यांना दाखवावं लागतं. पोट मोठं, मान बारीक अशा आकाराचं असतं ते. उगाच नाही. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंत चूक माफ आहे. वीत-दीड वीत रुंदीच्या बादलीत २५ मिलीने पातळी एक मिलीमीटरभरसुद्धा हलणार नाही, डोळ्याला दिसायची नाही. पाच सेंटिमीटरच्या मानेत तेच २५ मिली सव्वा सेंटिमीटर चढतात. मापावर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का आहे का बघा. आणि पहिल्या ओतण्यावरून भांडायला उठू नका. माप आधी पेट्रोलने ओलं करून निथळून घ्यायचं असतं, कारण कोरड्या पत्र्याला थोडं पेट्रोल चिकटून बसतं आणि पातळी खाली दिसते. त्या चिकटलेल्या थेंबांपायी चांगला पंपसुद्धा चोर ठरतो.