बर्फाचा केसपेपर

मालवण बंदरात होड्या लागल्या की बर्फाची लादी फोडण्याचा आवाज सुरू होतो. कारखान्यातून आलेली लादी कडेने काचेसारखी आरपार दिसते आणि मधोमध पांढरी, दुधट. पाणी बाहेरून आत गोठत जाते, त्यात विरघळलेली हवा आत ढकलली जाते आणि शेवटी मध्यभागी बारीक बुडबुडे होऊन अडकते. बांगड्यावर पसरलेला तो बर्फ दुपारपर्यंत वितळतो, हवा निघून जाते आणि कोणाचे काही बिघडत नाही.

मालवणहून किनाऱ्याने दक्षिणेला गेले की गोव्यातले वास्को लागते. तेथे हेडलँड सडा येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. या केंद्रातला बर्फ मात्र वितळून चालत नाही. अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे लांबट दांडे तेथे उणे २० अंश सेल्सिअस तापमानाला ठेवलेले असतात. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस मोठ्या साठ्यात ठेवतात, तीही साधारण एवढ्याच थंडीत. बाहेर कोकणचा दमट उकाडा आणि भिंतीपलीकडे दक्षिण ध्रुवाची थंडी, असा हा प्रकार आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही गोव्यातूनच निघाली होती. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथल्या बर्फावर उतरले.

या बर्फाला एवढे जपण्याचे कारण सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही सहज कळेल. रुग्ण पहिल्यांदाच येतो, रक्तदाब जास्त भरतो आणि जुने कागद घरी राहिलेले असतात. हा दाब आजचा की दहा वर्षांचा, हे एका मोजमापावरून सांगता येत नाही. पृथ्वीचेही तसेच आहे. तापमापकाने नियमित घेतलेल्या नोंदी फार तर दोन-तीन शतकांच्या. त्याआधीचे कागद बर्फात आहेत.

ध्रुवावर पडलेला बर्फ फारसा वितळत नाही. यंदाच्या थरावर पुढच्या वर्षीचा थर बसतो आणि खालचे थर दाबले जाऊन घट्ट होतात. बोअरवेलचे यंत्र दगडाचा भुगा करून बाहेर टाकते. बर्फ काढणारे पोकळ यंत्र कडेने कापत जाते आणि मधला दांडा अखंड वर आणते. जितके खोल, तितके जुने.

जुने तापमान त्यातून कळते ते पाण्याच्या वजनावरून. समुद्राच्या पाण्यात बहुतेक ऑक्सिजन हलका, म्हणजे १६ वजनाचा असतो आणि थोडासा जड, १८ वजनाचा. आंबोलीचा घाट चढताना ज्याच्या डोक्यावर जड बोजा तो आधी थांबतो. ढगातले जड पाणीही तसेच आधी गळून पडते. ध्रुवापर्यंतच्या वाटेवर थंडी जितकी जास्त, तितके शेवटी पडणाऱ्या बर्फात जड पाणी कमी उरते. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी जून १९५२ मध्ये कोपनहेगनला घराच्या अंगणात बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळे खोचून पावसाचे पाणी धरले. त्या पाण्याच्या तपासणीतून पुढे ही सगळी पद्धत उभी राहिली. बाटली रिकामी होती हे बरे झाले.

भारताच्या २५ व्या मोहिमेतील एका दांड्यातून वास्कोच्या संशोधकांनी १९०५ ते २००५ या शंभर वर्षांची नोंद वाचली. तिचा संबंध अंटार्क्टिकाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांशी आणि एल निनोशी कसा लागतो, हे त्यांनी तपासले. मे महिन्यात पावसाचा अंदाज ऐकताना किनाऱ्यावरच्या लोकांच्या कानावर येणारा एल निनो तोच.

बुडबुड्यांची गोष्टही बाटलीशीच जोडलेली आहे. फ्रान्सचे क्लोद लोरियस यांनी १९६५ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुक्कामात व्हिस्कीत जुन्या बर्फाचे तुकडे टाकले. ते विरघळताना फुटणारे बुडबुडे पाहून त्यांच्या मनात आले की ही जुन्या काळची हवा आहे. मात्र बर्फ घट्ट होईपर्यंत वरची हवा त्यात खेळत राहते, त्यामुळे अडकलेली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. हा फरक हिशेबात धरावा लागतो. तो धरून युरोपीय शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या सुमारे ३,२७० मीटर खोल छिद्रातून आठ लाख वर्षांची हवा मोजली. एवढ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण १७० ते ३०० भागांच्या दरम्यान राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात समुद्र आजच्यापेक्षा किमान सहा मीटर उंच होता. तेवढे पाणी चढायला शतके लागतात, हे खरे. पण कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागला सहा मीटर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

वैद्यकाला सर्वांत जवळचे पान मात्र शिशाचे आहे.

अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखवले. त्या मोजणीत जिकडेतिकडे शिसे आड येत होते. भांड्यात, धुळीत, माणसाच्या केसांत ते होते. हे येते कुठून, याचा माग काढत ते ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत गेले. १९६९ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी मांडले की ग्रीनलंडच्या बर्फातील शिसे इ.स.पूर्व ८०० च्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक वाढले आहे, आणि सर्वांत तीव्र वाढ १९४० नंतरची आहे. इंजिनाची खडखड थांबवण्यासाठी १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत होते. ते धुरातून ध्रुवापर्यंत पोचले होते.

शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. बुद्धी, लक्ष आणि वागणूक यांवर त्याचा परिणाम होतो आणि कमी प्रमाणात असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात पेट्रोलमधील शिसे कमी करायला सुरुवात झाली. १९७६ ते १९८० या काळात तिथल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर शिसे होते. १९८८ ते १९९१ मध्ये ते ३.६ वर आले. ग्रीनलंडच्या ताज्या बर्फातही १९६७ ते १९८९ या काळात शिसे सात पटींहून अधिक उतरले. मुलांचे रक्त आणि ध्रुवाचा बर्फ दोन्ही एकाच दिशेने सुधारले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले आणि जगात सर्वांत शेवटी २०२१ मध्ये अल्जेरियात.

याच बर्फात रोमन साम्राज्याच्या चांदी-शिशाच्या भट्ट्यांचा धूरही सापडतो. इ.स. १६५ च्या सुमारास तिथे मोठी साथ आली, बहुधा देवीची. त्या सुमारास ग्रीनलंडवर पडणारे शिसे घटले. माणसे मेली, खाणी ओस पडल्या आणि हवा स्वच्छ झाली.

पेट्रोलमधून गेलेले शिसे घरातून मात्र गेलेले नाही. जुने रंग, जुन्या बॅटऱ्यांची मोडतोड, भेसळीची हळद अशा वाटांनी ते अजूनही मुलांपर्यंत पोचते. जाळ्याच्या खालच्या काठाला लागणाऱ्या गोळ्याही शिशाच्या. त्या घरातल्या चुलीवर किंवा मुलांच्या आसपास वितळवू नयेत, दातांनी दाबू नयेत आणि हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. मुलाला वारंवार पोटदुखी, बद्धकोष्ठ किंवा लोहाच्या गोळ्यांनीही न हटणारा फिकेपणा असेल आणि घरात शिशाचे काम होत असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. रक्तातील शिशाची तपासणी करता येते.

पॅटरसन यांच्या मंडळींना एवढेसे शिसे मोजण्यासाठी मोठमोठे ठोकळे कापावे लागले होते. आता ग्रीनलंडच्या दांड्यातून वर्षागणिक शिसे वाचता येते. म्हणून बर्फाचा दांडा उभा चिरला की सगळा एकदम वापरत नाहीत. एक भाग मोजणीला जातो आणि दुसरा न वितळवता राखून ठेवतात, पुढे अधिक बारीक उपकरण येईल त्या वेळेसाठी.