विहिरीच्या पाण्यांतील अदृश्य क्षार

थंड देशांत हिवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ सांचतो. तो वितळावा म्हणून तेथें मीठ पसरतात. पुढें तेंच मीठ झिरपून विहिरींत व जलाशयांत उतरतें. म्हणून मिठाचा वापर कमी करण्याची खटपट तेथें चालू आहे. आपल्या केळापूर तालुक्यांत बर्फ पडत नाहीं. मग आपणांस त्याचें काय, असें कोणी विचारील. परंतु कपाशीस आपण जो युरिया घालतों, त्याचाही मातींत क्षारच बनतो. त्याचें नांव नायट्रेट. पिकाची मुळें तो शोषून घेतात. गरजेहून अधिक असलेला भाग पावसाच्या पाण्याबरोबर खालीं जाऊन विहिरीस मिळतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालांत, ज्या जिल्ह्यांत हा क्षार विशेष आढळला त्यांत यवतमाळचें नांव आहे. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा ठरलेली आहे. आतां हिशेब करा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यांत सुमारें २१ किलो नत्र असतें. त्याचा केवळ दहावा हिस्सा जरी नायट्रेट होऊन विहिरीकडे गेला, तरी सुमारें २ लाख लिटर निर्मळ पाणी या मर्यादेस पोहोंचेल!

या क्षारास रंग नाहीं, वास नाहीं. मोठ्या माणसांस तो सहसा लगेच बाधत नाहीं. धोका आहे तो तान्ह्या मुलांस. विहिरीच्या पाण्यांत कालविलेलें दूध पिणाऱ्या अर्भकांचें अंग निळें पडतें, त्याचें कारण हाच क्षार होय, असें अमेरिकेंतील आयोवा येथील डॉक्टर कॉम्ली यांनीं १९४५ सालीं दाखविलें. त्यायोगें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते. येथें मातांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. उकळल्यानें जंतु मरतात, क्षार जात नाहीं. उलट पाणी आटल्यामुळें त्याचें प्रमाण वाढतें. मिठाचें पाणी आटवून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

मग उपाय कोणता? माती तपासून हवें तेवढेंच खत द्यावें. तेंही एकदम न देतां हप्त्याहप्त्यानें द्यावें. मोठ्या पावसाचीं चिन्हें दिसत असतां तें टाकूं नये. कपाशींत तुरीच्या ओळी घेण्याची आपली जुनी रीत सोडूं नये. तुरीच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र धरितात, म्हणून तीस युरिया फारसा लागत नाहीं. शेणखताचा उकिरडा व शौचकूप हेही विहिरीपासून दूर असावेत, कारण त्यांतूनही हाच क्षार झिरपतो. घरांत तान्हें मूल असेल तर त्यास आईचेंच दूध उत्तम. वरचें दूध देणें भागच पडलें, तर तपासलेलें पाणीच वापरावें.

मुलांनो, हा हिशेब आज घरीं वडिलांस करून दाखवा. शेतांत टाकलेली जादा मूठ कोठें नाहींशी होत नाहीं. ती आपल्याच घागरींत परत येते.