तिसरीचा वर्ग आणि आपला जिल्हा

बालभारतीने तिसरीसाठी परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळे काढले, हा फार शहाणपणाचा निर्णय. साताऱ्याच्या मुलाला आधी कृष्णा-कोयना भेटतात, नाशिकच्या मुलीला गोदावरी. जगाचा नकाशा नंतर.

सुरुवात दिशांपासून. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की डावा हात उत्तरेला, उजवा दक्षिणेला, पाठ पश्चिमेला. मग वर्गाचा नकाशा : दार, खिडकी, फळा, बाईंचे टेबल वरून पाहिल्यासारखे काढायचे. इथे बरीच मुले अडतात. टेबलाला चार पाय काढतात, कारण त्यांना ते दिसतात. वरून पाहिले तर नुसता चौकोन उरतो, हे पटायला वेळ लागतो. तो वेळ द्यायलाच हवा.

त्यानंतर जिल्ह्याचा नकाशा. तो भिंतीवर टांगण्याआधी जमिनीवर, उत्तर उत्तरेकडे करून पसरावा. नाहीतर ‘उत्तर म्हणजे वर, आकाशाकडे’ हा समज घट्ट बसतो. सातारकर मुले मग महाबळेश्वरापासून दोन्ही नद्यांवरून बोट फिरवत कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाशी येतात. तालुके, पिके, घाट त्याच ओघात येतात. पाठांतर फारसे लागत नाही.