‘गाळी’, ‘गाली’ आणि तीन हिरवे दिवे

कानडीत वाऱ्याला ‘गाळी’ म्हणतात आणि चाकाला ‘गाली’. ‘ळ’ आणि ‘ल’मधला हा फरक आपल्याकडची मुले बोलता बोलता शिकतात. विमानाचे जगणेही या दोन शब्दांत सामावलेले आहे. आकाशात असेपर्यंत सगळा भरवसा गाळीवर आणि खाली यायची वेळ झाली की गालीवर. पण ही गाली ऐन वेळी बाहेर आलीच नाही तर?

१३ मे २०२४ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे हेच घडले. बीचक्राफ्ट सुपर किंग एअर हे दोन इंजिनांचे छोटे विमान एक वैमानिक आणि दोन प्रवासी घेऊन पोर्ट मॅक्वारीकडे निघाले. उड्डाणानंतर लगेच लँडिंग गिअरमध्ये बिघाड असल्याचे लक्षात आले. वैमानिकाने उतरण्याची घाई केली नाही. तीन तासांहून अधिक काळ तो विमानतळाच्या परिसरात घिरट्या घालत राहिला. इंधन जळून गेले की विमान हलके होते, कमी वेगात उतरवता येते आणि आगीचा धोकाही घटतो. खाली अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सज्ज झाल्या. अखेर दुपारी विमान चाकांविना, पोटावरच धावपट्टीवर टेकले, सरळ घसरत गेले आणि थांबले. तिघेही सुखरूप बाहेर आले.

आता कोणी विचारेल, चाके आत घ्यायचीच कशाला? सेसना १७२सारख्या शिकाऊ विमानांची चाके बहुधा कायम बाहेरच असतात. पण धावत्या बसच्या खिडकीतून हात बाहेर काढला की वारा तो कसा मागे ढकलतो, हे आपण अनुभवले आहे. बाहेर लोंबणारी चाके विमानाला तसेच अडवतात. ती पोटात घेतली की वेग वाढतो आणि इंधन वाचते. त्यासाठी कुठे विजेची मोटर असते, तर कुठे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा. चाके बाहेर येऊन पक्की बसली की वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे लागतात.

मोटर बंद पडली तरी उपाय असतो. जुन्या बोनान्झा विमानात पुढच्या आसनांच्या मागे एक हँडल असते. ते सुमारे ५० वेळा फिरवले की चाके खाली येतात. विहिरीवर रहाट ओढणाऱ्यांना ही मेहनत वेगळी सांगायला नको. पायपर अ‍ॅरोमध्ये तेलाच्या दाबानेच चाके वर धरलेली असतात. तो दाब सोडला की ती आपल्या वजनाने खाली येतात. याच विमानात एक गंमत आहे. रात्रीचे दिवे चालू राहिले तर हे हिरवे दिवे मंद होतात आणि भर दिवसा विझल्यासारखे दिसतात. चाके जागेवर असतात, घाबरतो तो माणूस!

अशा दिव्याने घात केल्याचेही उदाहरण आहे. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे एक मोठे विमान मायामीला उतरत होते. पुढच्या चाकाचा दिवा लागेना. कॉकपिटमधले सगळे त्यात गुंतले आणि विमान हळूहळू खाली जात असल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. ते दलदलीत कोसळले आणि १७६ पैकी १०१ जणांचा बळी गेला. चाक व्यवस्थित खाली होते. उडाला होता तो फक्त दिव्याचा बल्ब.

छोट्या विमानांत याहून साधे कारण वारंवार आढळते, ते म्हणजे विसर. वाऱ्याशी झुंजताना किंवा नियंत्रण कक्षाशी बोलताना चाके खाली घ्यायचेच राहून जाते. भोंगा वाजतो, पण गोंधळात तो ऐकूनही ऐकला जात नाही. म्हणून वैमानिक उतरण्यापूर्वी इंधनापासून पट्ट्यापर्यंत ठरलेली यादी पुन्हा पुन्हा म्हणतात, पाढे म्हणावेत तशी.

खरी कसोटी लागते शेवटच्या काही क्षणांत. पोटावर उतरले की पंखा वाकणार, इंजिन उघडून तपासावे लागणार आणि मोठा खर्च येणार. मग पंखा वाचवण्यासाठी इंजिन आधीच बंद करण्याचा मोह होतो. ते केले आणि अंदाज चुकला, तर पुन्हा वर जाण्याची संधी उरत नाही. उलट, जमिनीला घासल्यावर पुन्हा उड्डाण करणेही तितकेच घातक. २२ मे २०२० रोजी कराचीत एका प्रवासी विमानाची इंजिने चाकांविना धावपट्टीला घासली. ते पुन्हा वर गेले, दोन्ही इंजिने बंद पडली आणि विमानातील ९९ पैकी ९७ जण दगावले. म्हणून अनुभवी शिक्षक सांगतात, यंत्राचा मोह सोडा, माणसे वाचवा. मोडलेले विमान दुरुस्त होते, नाही झाले तर दुसरे घेता येते.

न्यूकॅसलच्या वैमानिकाने तेच केले. जे बिघडले ते मान्य केले, हाताशी असलेला वेळ वापरला आणि विमान सरळ ठेवले. घरात एखादी अडचण एकाएकी उभी राहते तेव्हा आपल्याला तरी याहून वेगळे काय करता येते?

पुढच्या वेळी सांबऱ्याच्या बाजूने जाताना उतरणारे विमान दिसले तर मुलांना त्याच्या पोटाकडे पाहायला सांगा. चाके दिसली की ती ओरडतील, ‘गाली बंतु!’ विमानात बसलेल्यांच्या दृष्टीने यासारखी आनंदाची बातमी नाही.