सावलीच्या आधी वाऱ्याचा हिशेब

आजचा विषय साधा आहे. अंगणावर किंवा पाण्याच्या हौदावर शेडनेटची सावली कशी ताणायची? अंथुर्णे-इंदापूर भागात शेडनेट कुणाला नवीन नाही. डाळिंबाला ऊन लागू नये म्हणून आपण झाडांवर जुन्या साड्यासुद्धा टाकतो. पण झाडावर टाकणं वेगळं, आणि खाली माणसं बसणार असतील तिथं ताणणं वेगळं.

आमची चूक आधी सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही नेटचं एक टोक गच्चीच्या कठड्याला बांधलं. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं आणि कठड्याच्या विटा नेटासकट खाली आल्या. खाली आजीची बाज होती. आजी तेवढ्यात पाणी प्यायला आत गेली होती, म्हणून निभावलं. तेव्हापासून आम्ही आधी वाऱ्याचा हिशेब करतो, मग सावलीचा.

हिशेब असा. ताशी 72 किलोमीटरचं वारं समोरून आलं, तर एका चौरस मीटरवर साधारण 25 किलोचा दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. 20 बाय 20 फूट म्हणजे 37 चौरस मीटर. सगळं वारं अडलं तर 900 किलोच्या वर ओढ! नेट आडवं असतं आणि त्यातून वारं निघून जातं, त्यामुळं प्रत्यक्षात ओढ कमी बसते. ताडपत्रीला ही सवलत नाही. शिवाय तिच्यात पाणी साठतं; एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 किलो वजन.

म्हणून टोक बांधायचं ते आरसीसी कॉलमला किंवा बीमला. कठडा, पत्र्याच्या शेडचा पाईप, विजेचा खांब, यांना हात लावायचा नाही. नवा खांब रोवायचा असेल तर काळ्या मातीवर भरवसा ठेवू नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या, काँक्रीट भरा, आणि खांब ओढीच्या उलट बाजूला थोडा कलता ठेवा.

नेट सपाट बांधू नका. समोरासमोरची दोन टोकं वर, दोन खाली ठेवा, म्हणजे ते फडफडत नाही. फडफडीनंच शिवण उसवते. कडा आत वळलेल्या कापून त्यात तारेचा दोर ओवा आणि टोकाला टर्नबकल लावा. नेट सैल पडलं की पीळ देऊन ताणता येतं.

आता ऊन. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेतीनच्या सुमाराला तो इतका कलतो की 10 फूट उंचीच्या नेटची सावली जवळजवळ 10 फूट पूर्वेला सरकते. म्हणजे बाज जागेवर आणि सावली शेजाऱ्याच्या दारात! त्यासाठी नेट पश्चिमेकडं वाढवा आणि खालचं एक टोक त्याच बाजूला घ्या.

हौदावर हेच नेट ताणलं तर कालव्याच्या दोन आवर्तनांमधलं पाणी कमी उडतं, शेवाळही कमी धरतं. लेकरं आत पडू नयेत म्हणून मात्र वेगळी जाळी हवीच. सावलीचं नेट वजन पेलत नाही.

शेवटचं. एक टोक असं ठेवा की जमिनीवरून पटकन सोडता येईल. आभाळ भरून आलं की आधी माणसं आत, मग जमलं तर नेट खाली. नेट फाटलं तर नवं आणता येतं.