श्रोते की सोबती?

आमच्या वलगावाजवळून पेढी नदी वाहते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर असता संत गाडगे महाराजांनी या नदीकाठी देह ठेवला. गेल्या पुण्यतिथीस आम्ही तेथे गेलो, छायाचित्र काढले व ते मोबाईलवरून प्रसिद्ध केले. मग सायंकाळपर्यंत किती जणांनी ते पसंत केले, हेच मोजत बसलो! त्याच दिवशी अकोल्याच्या आमच्या मावशीने, "कसे आहात?" एवढेच विचारले होते. आम्ही तिला हात जोडल्याचे चित्र पाठवून मोकळे झालो.

हा मोह कोठून येतो? समाजमाध्यमे आपणांस फुकट मिळतात, कारण त्यांचे उत्पन्न जाहिरातींचे असते. आपली नजर जितकी अधिक वेळ तेथे खिळेल, तितका त्यांचा लाभ अधिक. म्हणून जे चटकन डोळ्यांत भरते, तेच पुढे केले जाते. फेसबुकने २००९ साली पसंतीची कळ दिली आणि स्नेहालाही आकडा चिकटला. पुढे २०२१ साली इन्स्टाग्रामने हा आकडा झाकण्याची सोय दिली खरी; परंतु मनातील मोजणी कोण झाकणार?

गाडगेबाबांच्या कीर्तनास अफाट समुदाय जमत असे. पण बाबा गावात आले की प्रथम हाती झाडू घेत. कीर्तनात ते आपल्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तरे वदवून घेत. कर्ज काढून सण करू नका, दारूस शिवू नका, मुलांना शाळेत घाला, असे ते कळवळून सांगत. कीर्तन संपताच लोक पाया पडावयास धावत. तोवर बाबा पुढच्या गावाची वाट धरीत. एवढे श्रोते लाभूनही त्यांनी एकही शिष्य केला नाही. त्यांना लोकांकडून वाहवा नको होती. लोकांचे उत्तर हवे होते.

विद्यार्थी मित्रहो, यंत्राचा यात दोष नाही. परगावी गेलेल्या भावाची खुशाली, आजारी वर्गबंधूस धाडलेला धडा, दूरच्या आजीचे हसू हे सारे याच मोबाईलवर येते. काही लिहिण्यापूर्वी एवढेच मनास पुसावे: हे कोणासाठी? नाव घेता आले तर खुशाल लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी. पालकांनीही मुलांच्या यशाचे चित्र जगास दाखविण्याआधी त्या मुलाशी दोन शब्द बोलावे.

चार दिवसांनी आम्ही मावशीस दूरध्वनी केला. ती आठवडाभर तापाने अंथरुणावर होती. "तुझं चित्र पाहिलं, छान आहे," ती म्हणाली, "पण मले तुझा आवाज ऐकायचा होता."